खर्जात सुरू होणारी, मध्येच शिट्टी घालणारी व्हायोलिनवरची 'हंगेरियन' धून: कुणी ओळखतं का?

दहिसरकरीण

जाणकारांनो, एक धून शोधते आहे. नाव माहीत नाही, वाजवणारे आता नाहीत आणि रेकॉर्ड तर माझ्याकडे कधी नव्हतीच. जे आठवतंय ते सांगते.

सुरुवात अगदी संथ. जाड तारेवर, घोगऱ्या आवाजात कुणी गाऱ्हाणं मांडावं तशी. मी पेटी वाजवायचे, त्यामुळे कान त्याच वळणाने जातो. तो भाग मला किरवाणीसारखा वाटायचा: गंधार-धैवत कोमल, निषाद मात्र शुद्ध. मग काही न सांगता-सवरता एकदम धूम. इतकी धूम की बो (गज) दिसेनासा व्हायचा. आणि मध्येच कुठेतरी सगळं थांबून एक भाग यायचा, तो व्हायोलिनचा वाटायचाच नाही. शिट्टी वाटायची. बारीक, स्वच्छ, लांबून आलेली. त्यानंतर पुन्हा पळापळ आणि शेवट.

ऐकलं गिरगावात. आमच्या चाळीची मागची गॅलरी खोताच्या वाडीच्या अंगाला होती. समोरच्या बंगलीत एक गोवेकर अंकल राहायचे, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत. सकाळी रेकॉर्डिंगला निघण्याआधी हात मोकळा करायला बसायचे. आधी नुसते सूर वर-खाली, मग काहीबाही कठीण, आणि लहर लागली तर ही. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल, गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते. मी एकदा गॅलरीतून ओरडून विचारलं तर म्हणाले, "हंगेरियन डान्स, बेबी." एवढंच. कधी त्यांचा मेव्हणा यायचा मँडोलिन घेऊन, मग दोघं मिळून हीच धून वाजवायचे, आधी कोण दमतो बघू अशा थाटात. ते असो.

'हंगेरियन डान्स' शोधलं की ब्राह्म्स हा जर्मन संगीतकार येतो. त्याची पाच नंबरची ऐकली. ती नाही. नातीने सांगितलं, मोबाईलला गुणगुणून दाखव, तो ओळखतो. दाखवलं. त्याने माझ्यापुढे एक भोजपुरी लोकगीत ठेवलं. गाणं बरं होतं, पण हे नव्हे.

नात व्हायोलिन शिकते. तिच्या कानावर हे पडावं अशी माझी इच्छा आहे, तिची नाही. कुणाला काही सुचतंय का?

सायनचा_सदा

ताई, पाच नंबरच असणार. पुन्हा नीट ऐका. 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये चॅप्लिन गिऱ्हाईकाची दाढी करतो ना, तीच.

दहिसरकरीण

सदाभाऊ, चॅप्लिनची दाढी मला पाठ आहे. ती पहिल्या सुरापासून तोऱ्यात निघते. माझी धून आधी रडते, मग पळते. आणि पाच नंबरमध्ये शिट्टी कुठाय?

जुनी_तबकडी

शिट्टीचं नंतर बघू. आधी ब्राह्म्सचा कागद साफ करून घेऊ, कारण 'हंगेरियन डान्स' म्हटलं की नव्वद टक्के लोक पाच नंबरवर येऊन बसतात आणि बाकीच्या वीस कुणी ऐकतच नाही.

एकूण 21 आहेत. पहिल्या दहा 1869 मध्ये छापल्या, उरलेल्या 1880 मध्ये. मुळात एकही व्हायोलिनची नाही. एका पियानोवर दोघांनी शेजारी बसून, चार हातांनी वाजवायच्या. व्हायोलिनवर आणल्या त्या योआखिमने, तो स्वतः हंगेरीत जन्मलेला आणि ब्राह्म्सचा दोस्त. तुमच्या पाच नंबरची धून तर ब्राह्म्सचीही नव्हे. केलेर बेला नावाच्या हंगेरियन संगीतकाराचा एक चारदाश, म्हणजे हंगेरियन नाचाची धून, होता, ब्राह्म्सने ती लोकधून समजून घेतली.

संथ-खर्ज म्हणताय तर एक नंबर ऐका. योआखिमच्या मांडणीत ती जाड तारेवरच सुरू होते, सूरही रडवा आहे. आणि ऐकायचीच तर योआखिमने स्वतः वाजवलेली ऐका, 1903 ची ध्वनिमुद्रिका आहे. तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता, खरखर भरपूर, पण बो काय चालतो! याच एक नंबरचा तुकडा ब्राह्म्सने 1889 मध्ये एडिसनच्या माणसासाठी मेणाच्या नळकांड्यावर पियानोवर वाजवला होता. त्यात निम्मी खरखर आणि निम्मा ब्राह्म्स. तरी अंगावर काटा येतो.

दहिसरकरीण

तबकडीभाऊ, एक नंबर ऐकली, दोन्ही जुन्या चकत्यांसकट. सुंदर आहे, आभार. पण ती नाही. तिथे संथ आणि जलद असे वेगळे तुकडे पडतच नाहीत. आणि शिट्टी नाही ती नाहीच.

चौथी_तार

ताई, मी पार्ल्यात व्हायोलिन शिकवतो. अशी 'नाव आठवत नाही' वाली मंडळी माझ्याकडे बरीच येतात, म्हणून सांगतो, नावावरून शोधू नका. त्या काळी 'हंगेरियन' ही मुळी पाटी होती. ब्राह्म्स हॅम्बर्गचा. 'त्सिगॉयनरवाइझन' लिहिणारा सारासाते स्पेनमधल्या पाम्प्लोनाचा. हंगेरियन ढंगाचं लिहिणं तेव्हा फॅशनमध्ये होतं. ढंग ठरलेला: आधी लाश्शू, म्हणजे विलंबित, भरपूर मींड-मुरकी, लय वाजवणाऱ्याच्या मर्जीवर. मग फ्रिश्श, म्हणजे द्रुत, तिथे पाय आवरत नाहीत. तुम्ही ऐकलंत ते याच साच्यातलं आहे एवढं नक्की. पण या साच्यातून निघालेली रचना एक नाही, ढीगभर आहेत.

म्हणून काही विचारतो, आठवेल तेवढं सांगा.

जलद भागात डाव्या हाताच्या बोटांनी तार छेडल्याचा टणटण आवाज यायचा का, बो चालू असतानाच? तसं असेल तर सारासाते.

शिट्टीचा भाग म्हणजे मध्ये मध्ये एखादा बारीक सूर चमकून जायचा, की अख्खी धून शिट्टीतच वाजायची?

शिट्टीच्या वेळी किरवाणीच होती, की सूर उजळलेला, शुद्ध गंधाराचा?

आणि किती वेळ चालायचं? चहा उकळेपर्यंत, की भात होईपर्यंत?

दहिसरकरीण

सर, अशी उलटतपासणी मंत्रालयात असताना झाली नाही. पण आवडली. दोन दिवस घेतले, मोठ्या बहिणीलाही फोन केला.

टणटण नाही. बहीणही नाही म्हणाली.

शिट्टीत अख्खी धून. त्या अगोदर तीच, किंवा तिच्यासारखी, साध्या आवाजात वाजायची. गाऊन दाखवल्यासारखी, सावकाश. मग तिथूनच शिट्टी सुरू. आणि हो, तुम्ही म्हणालात म्हणून लक्षात आलं, तिथे गंधार शुद्ध होता. रडं संपलेलं असायचं.

चहाच. भात नाही.

आणखी एक. हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे म्हणून खात्रीने सांगते. शिट्टी सुरू झाली की अंकलची करंगळी लांब ताणली जायची आणि तारेला नुसती टेकायची. दाबायची नाही. पहिलं बोट मात्र घट्ट रोवलेलं. हात तसाच, त्याच आकारात, वर-खाली सरकायचा. मला वाटायचं, करंगळीला काही लागलंय म्हणून दाबत नाहीत.

चौथी_तार

सापडली. करंगळीने दिली.

ताई, त्याला कृत्रिम हार्मोनिक म्हणतात. पहिल्या बोटाने तार दाबायची, म्हणजे तिथून घोडीपर्यंत तारेची लांबी ठरते. त्या लांबीच्या बरोबर चौथ्या हिश्श्यावर करंगळी अलगद ठेवायची. तार मग चार भागांत थरथरते आणि दाबलेल्या सुराच्या दोन सप्तकं वरचा सूर निघतो. करंगळी जराशी जास्त दाबली तर भलताच सूर, जराशी सरकली तर नुसता फुस्स आवाज. आणि प्रत्येक सुराला अख्खा हात सरकवायचा, तोही दोन बोटांमधलं अंतर कमी-जास्त करत, कारण वर जावं तशी घरं जवळ येतात. हात 'त्याच आकारात' दिसतो खरा, पण तसा राहत नाही. तिथेच पोरं रडतात.

अख्खी धून अशी शिट्टीत, शुद्ध गंधारात, संथ, आधी साध्या आवाजात येऊन गेलेली, आणि एकूण प्रकरण साडेचार-पाच मिनिटांचं: व्हित्तोरियो माँतीचा 'चारदाश'. 1904 ची रचना. सुरुवात डी मायनर, म्हणजे तुमच्या पेटीवर पांढरी दोनचा षड्ज धरा आणि किरवाणी वाजवा. तुमचा कान बरोबर होता. पहिला संथ भाग जाड तारेवर. मग तुफान. मग डी मेजर, तिथे गंधार शुद्ध, आणि त्यात शिट्टी. मग परत तुफान, आणि शेवट मेजरमध्येच.

खरं तर मला आधीच ओळखायला हरकत नव्हती, कारण तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये पुरावा देऊन वर 'ते असो' म्हणून मोकळ्या झाला आहात. मँडोलिन! माँती नेपल्सचा. मँडोलिन शिकण्याचं पुस्तकही लिहिलं होतं त्याने. हा चारदाश मँडोलिनवाल्यांचाही तेवढाच लाडका. मँडोलिन आणि व्हायोलिन, दोघांच्या तारा एकाच सुरांत लागतात: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. म्हणजे एका वाद्याची बोटं जशीच्या तशी दुसऱ्यावर पडतात. मेव्हण्याला वेगळं काही बसवावंच लागलं नसेल. समोर एकच कागद ठेवून दोघं सुटत असणार.

सायनचा_सदा

म्हणजे हंगेरियन डान्स, लिहिला इटालियन माणसाने, वाजवला गोवेकराने, ऐकला गिरगावकराने आणि ओळखला पार्लेकराने. सायनचं कुणीच नाही यात.

वसईचा_बो

सायनने चॅप्लिन दिला की.

मी लग्नाच्या बँडात वाजवतो, हे आमच्याकडे फर्माईशीचं आहे. दहिसरकरीण ताईंना ते शोधून का सापडलं नाही याचं कारण साधं आहे. रचनेच्या नावात 'हंगेरियन' हा शब्दही नाही आणि 'डान्स' हाही नाही. वर स्पेलिंगचा घोळ. एक सी-एस ने सुरू होतं, दुसरं सी-झेड ने. दोन्ही टाकून बघा, सोबत माँती लिहा. नुसतं चारदाश टाकलंत तर शंभर जणांचे शंभर चारदाश निघतील.

तुमच्या अंकलबद्दल एक सांगतो. त्या पिढीतले बरेच गोवेकर वादक गावच्या चर्चच्या शाळेत शिकलेले. तिथे पोराला आधी सॉल्फेज, म्हणजे कागदावरचे सूर वाचून गायला लावत, मग हातात व्हायोलिन. त्यामुळे कागद समोर आला की ही माणसं तो तिथल्या तिथे वाजवत. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला तेच लागायचं. सकाळी गेलं, नोटेशन हातात पडलं, दुपारपर्यंत गाणं तयार. मग स्वतःसाठी वाजवायचं ते घरी, तुमच्या गॅलरीसमोर.

जुनी_तबकडी

शोध लागला, आनंद आहे. पण माँती? खरं सांगू का, मला वाटलं होतं काहीतरी दुर्मीळ निघेल. ही तर युरोपातल्या खाणावळींत टेबलाशेजारी उभं राहून वाजवतात ती धून. हंगेरियन ढंगाचंच हवं तर अस्सल माणसाचं ऐका. येनो हुबाय. आजच्या बुडापेस्टमध्ये जन्मलेला, योआखिमचा शिष्य. त्याचं 'हेयरे काती' ऐका. किंवा पुढे जाऊन बार्टोक ऐका. त्याने आणि कोडायने खेड्यापाड्यांत फोनोग्राफ घेऊन हिंडून खरी लोकगीतं गोळा केली, तेव्हा लोकांना कळलं की शहरातल्या हॉटेलांत 'हंगेरियन' म्हणून जे वाजतं ते वेगळंच प्रकरण आहे.

आणि किरवाणीच्या पुढचं हवं असेल तर लिस्ट हा हंगेरियन संगीतकार ऐका. तिथे मध्यमही तीव्र होतो. मधुवंतीत धैवत कोमल करा, तो झाला त्यांचा हंगेरियन मायनर. दक्षिणेत त्यालाच सिंहेंद्रमध्यमम म्हणतात, कर्नाटक संगीतातला 57 वा मेळकर्ता, म्हणजे मूळ राग. हे ताईंच्या पेटीवर जास्त रंगेल.

चौथी_तार

तबकडीभाऊ, हुबाय थोर, बार्टोक त्याहून थोर. पण खाणावळीत वाजतं म्हणून हलकं हे मला पटत नाही. त्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याची लबाडी ताबडतोब उघडी पडते. सूर मोजके, मागे पियानो जवळजवळ गप्प, आणि लय तुमची तुम्ही ठरवायची. नुसतं जलद वाजवणारी पोरं तिथे येऊन ठेचकाळतात. मला कुणाचा हात जोखायचा असला तर मी जलद भाग ऐकतच नाही, पहिल्या ओळी ऐकतो. अंकल सकाळी हात मोकळा करायला हेच का घ्यायचे ते कळतं. जाड तार, दोन्ही गती, वरची पोझिशन, हार्मोनिक, सगळा हात एकाच रचनेत फिरून येतो.

जुनी_तबकडी

बरं. पण हुबाय ऐकाच.

दहिसरकरीण

ऐकला. माँती आधी, हुबाय मागून. तबकडीभाऊ, हुबायही छान आहे, वाईट वाटून घेऊ नका.

माँतीचीच. पहिल्या चार सुरांतच कळलं, तरी शिट्टीपर्यंत बसून राहिले. व्हिडिओत वाजवणारी एक तरुण मुलगी होती, करंगळी अगदी तशीच. बहिणीला पाठवला. तिचा मेसेज आला: 'हीच. पण अंकल जास्त जोरात वाजवायचे.' जोरात नव्हे, आमची गॅलरी जवळ होती, हे तिला कोण सांगणार.

एक फरक मात्र आहे. जलद भाग दुसऱ्यांदा येतो त्याच्या तोंडाशी अंकल थांबायचे, व्हिडिओतली मुलगी तितकी थांबली नाही. ते चांगले थांबायचे. वाडीतली पोरं तोवर खिडकीखाली गोळा झालेली असायची. अंकल बो वर धरून त्यांच्याकडे बघायचे, पोरं ओरडायची, मग सुटायचे. ते लिहिलेलं आहे की त्यांचं स्वतःचं?

आणि दुसरा प्रश्न व्यवहाराचा. नात तिसरं वर्ष शिकते आहे, ग्रेडच्या परीक्षा देते. नोटेशन कुठे मिळेल, आणि तिला हे आत्ता झेपेल का?

चौथी_तार

अशी जागा प्रत्येकजण आपापल्या बेताने ताणतो, आणि पोरं खिडकीखाली असतील तर जास्तच ताणतो. त्या पोरांसाठीचं थांबणं अंकलचं स्वतःचं, असंच धरून चाला.

नोटेशन: माँती 1922 मध्ये गेला, त्याला कधीच साठ वर्षं होऊन गेली, तेव्हा आपल्याकडे त्याचे हक्क संपलेत. आयएमएसएलपी या साइटवर जुनी छापील प्रत फुकट उतरवता येते, व्हायोलिनचा वेगळा कागद आणि पियानोची साथ. छापील पुस्तक हातात हवं असेल तर धोबीतलावला जेर महालमध्ये फुर्टाडोजकडे विचारा. माँती वाजवणारे इतके आहेत की तो नसला तर मागवून देतील. कागदावर शिट्टीचा भाग ओळखायची खूण अशी: खाली नेहमीसारखा काळा ठिपका आणि त्याच्याच डोक्यावर छोटा पोकळ चौकोन, पतंगासारखा उभा. काळा ठिपका दाबायचं बोट, पोकळ चौकोन टेकायची करंगळी. नातीला दाखवा, ती लगेच ओळखेल.

झेपेल का? अख्खं आत्ता नाही. तिसऱ्या वर्षाला तिसरी पोझिशन (हात मानेवर वर सरकवून वाजवायची जागा) पक्की असेल तर पहिलं पान द्या. तेवढंच, महिनाभर. जाड तारेवर बो दाबून आवाज काढायची मुलांना सवय असते. तसं न करता बो घोडीकडे थोडा सरकवून, हाताचं वजन सोडून आवाज काढायला शिकू दे. जलद भाग मेट्रोनोमवर, म्हणजे टकटक करून लय दाखवणाऱ्या यंत्रावर, निम्म्या गतीने. शिट्टीला लहान हाताची करंगळी पुरत नाही, ओढून-ताणून लावायला जाऊ नका, दुखावते. तिच्या सरांना आधी विचारा. ते नाही म्हणाले तर ऐका.

वसईचा_बो

आणि तोवर शिट्टीचा भाग नुसता साध्या सुरांत वाजवू दे, दोन सप्तकं खाली. आम्ही लग्नात घाई असली की तसंच करतो. कुणाला कळत नाही.

चौथी_तार

मला कळतं.

दहिसरकरीण

तिच्या सरांना विचारलं. पहिलं पान मंजूर, बाकी पुढच्या वर्षी बघू म्हणाले. नात म्हणते, आजी, हे फार स्लो आहे. तिला दुसरं पान ऐकवलं, मग गप्प बसली.

शनिवारी धोबीतलावला जाणार आहे. पेटीही खाली काढली आहे, भाता फाटलाय. दहिसर-बोरिवलीत कुणी पेटी दुरुस्त करणारं असेल तर कळवा. त्यासाठी नवा धागा काढत नाही.